सुकाणूचे पाते किती जाड असावे?

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ रंकाळ्यावर चालवता येईल अशी छोटी शिडाची होडी बांधत आहोत. तिच्या सुकाणूचे पाते २५० मिलिमीटर रुंद आहे. पातळ पाते पाणी सहज कापील म्हणून जाडी १५ मिलिमीटर ठेवावी, असे आम्हाला वाटते; सुतारकाका मात्र ३० मिलिमीटरचा आग्रह धरतात. योग्य काय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सुतारकाकांचे ऐकावे. रुंदीच्या प्रमाणात आपले पाते ६ टक्के जाड ठरते, त्यांचे १२ टक्के. पाण्याच्या प्रवाहाशी लहान कोनात असताना दोन्ही पाती जवळजवळ सारखीच लिफ्ट, म्हणजे होडी वळवणारा बाजूचा जोर, देतात. फरक पडतो तो ही लिफ्ट कोणत्या कोनापर्यंत वाढत राहते यात. ‘नाका’ या अमेरिकी विमानविद्या संशोधन संस्थेने १९३०च्या दशकात आखलेल्या सममित आकारांत पुढच्या कडेच्या गोलाईची त्रिज्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे आपल्या रुंदीला ती १२ टक्के जाडीत सुमारे ४ मिलिमीटर येते आणि ६ टक्के जाडीत जेमतेम १. एवढ्या धारदार कडेला वळसा घालताना प्रवाह तिथेच पात्यापासून सुटतो, लिफ्टची वाढ थांबते आणि ड्रॅग, म्हणजे पाण्याचा विरोध, झपाट्याने चढतो, हाच स्टॉल. विंड टनेलमधील (चाचणीसाठी वारा सोडणाऱ्या बोगद्यातील) मोजमापांत ६ टक्क्यांचा आकार सुमारे ९ अंशांवर स्टॉल होतो, तर १२ टक्क्यांचा १५-१६ अंशांपर्यंत टिकतो. संथ पाण्यात आणि आखूड पात्यावर हे आकडे बदलतात, पण जाड पात्याची सरशी कायम राहते.

सरळ जाताना पातळ पात्याचा ड्रॅग कमी असतो हे खरे. मात्र तिथे बहुतांश ड्रॅग पाण्याच्या घर्षणाचा असल्याने ही बचत फार थोडी आहे. शहरालगतच्या तलावावर इमारतींमुळे आणि झाडांमुळे वारा तुटक येतो, होडी वारंवार वळवावी लागते, आणि वेग मंदावला की सुकाणू अधिक फिरवावे लागते. नेमक्या त्याच वेळी पातळ पाते दगा देते. शिवाय जाडी निम्मी केल्यास पात्याचा ताठपणा एक-अष्टमांशावर येतो, हेही लाकडाच्या बाबतीत विसरू नये.

१५ टक्क्यांच्या पुढे मात्र जाऊ नये, कारण तिथून ड्रॅग वाढतो आणि लिफ्टमध्ये विशेष भर पडत नाही. सर्वाधिक जाडी पुढच्या कडेपासून ७५ मिलिमीटरवर ठेवून मागची कडा पातळ तासावी. इतके करूनही वळताना सुकाणू निकामी झाल्यासारखे वाटले, तर ते आणखी न वळवता क्षणभर मध्याकडे आणावे, म्हणजे प्रवाह पुन्हा पात्याला चिकटतो.