न्यू जर्सीत फूड पॅन्ट्री आणि होमलेस शेल्टरमध्ये व्हॉलंटियरिंग: नेमकं काय काम असतं?

तुम्ही विचारलंय की एडिसनला नवीन आलात, एच फोरवर (म्हणजे नवरा किंवा बायकोच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, ज्यावर सहसा नोकरी करता येत नाही) आहात, दिवसभर घरी बसून कंटाळा येतो, पॅन्ट्रीत (गरजूंना फुकट किराणा मिळतो तिथे) किंवा शेल्टरमध्ये (बेघरांच्या निवाऱ्यात) मदत करायचीय, पण शुद्ध शाकाहारी आहात, अनुभव नाही आणि तिथल्या लोकांची थोडी भीती वाटते. मी इकडच्याच एका चर्चच्या पॅन्ट्रीत आणि एका शेल्टरच्या किचनमध्ये बरीच वर्षं जातेय, तर माझं म्हणणं एवढंच की नक्की जा, पण गर्दीच्या दिवसात नको, रिकाम्या दिवसात जा.

म्हणजे कसं, थँक्सगिव्हिंग ते ख्रिसमस सगळ्यांनाच दानधर्म आठवतो, ऑफिसचे ग्रुप येतात, शाळेची मुलं येतात, कधीकधी माणसांना द्यायला काम उरत नाही. मग जानेवारी उजाडला की शुकशुकाट. आणि थंडी खरी तेव्हाच असते, तापमान गोठणबिंदूच्या आसपास गेलं की काउंटी, म्हणजे इथलं जिल्हा प्रशासन, कोड ब्लू हा थंडीचा इशारा जाहीर करते, शेल्टरमध्ये जास्तीच्या खाटा टाकतात, सूप जास्त लागतं आणि वाढायला माणसं नसतात. तसंच उन्हाळ्यात, शाळा बंद म्हणजे मुलांचं शाळेतलं जेवणही बंद, ते सगळं घरावर पडतं आणि पॅन्ट्रीची लाइन वाढते.

पॅन्ट्रीतलं काम म्हणाल तर बहुतेक वेळ सॉर्टिंग. खोके फोडायचे, डबे बघायचे, डबा फुगलेला असेल किंवा पत्र्याच्या जोडावर चेपलेला असेल तर सरळ बाद. तारखेचं मात्र नीट समजून घ्या, बऱ्याचशा पदार्थांवरची "बेस्ट बाय" तारीख ही चव आणि दर्जासाठी असते, ती उलटली म्हणजे अन्न विषारी झालं असं नाही, पण बाळांच्या फॉर्म्युलाची तारीख उलटली की तो द्यायचाच नाही, तिथे तडजोड नाही. मोठ्या प्रमाणावर हे काम बघायचं असेल तर हिलसाइडला कम्युनिटी फूडबँक ऑफ न्यू जर्सीचं गोदाम आहे, १९७५ मध्ये कॅथलीन डिकियारा या बाईंनी स्वतःच्या गाडीतून अन्न वाटत हे सुरू केलं आणि आज आसपासच्या कितीतरी पॅन्ट्र्यांना तिथून माल जातो.

आता बऱ्याच पॅन्ट्रीत तयार पिशवी हातात देत नाहीत, दुकानासारखी रॅक असतात आणि लोक स्वतः निवडतात. मला ही पद्धत फार पटते. ज्या आजींना डायबेटिस आहे त्यांच्या माथी साखरेची सीरियल कशाला मारायची? तुम्ही बाजूला उभं राहून "काय हवंय?" एवढं विचारायचं. महिनाअखेरीला लाइन लांब असते कारण स्नॅपचे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे, पैसे महिन्याच्या सुरुवातीला जमा होतात आणि संपलेले असतात. शिवाय स्नॅपवर साबण, डायपर, सॅनिटरी पॅड यातलं काहीच घेता येत नाही, त्यामुळे दान द्यायचं तर हे आधी द्या. शेल्टरला द्यायचं तर नवे मोजे, आणि झाकण हाताने ओढून उघडणारे डबे, कारण तिथे राहणाऱ्याकडे ना गॅस ना कॅन ओपनर, डाळतांदूळ नेऊन तो बिचारा शिजवणार कुठे.

भीतीबद्दल. शेल्टरमध्ये स्टाफ कायम असतो, नवीन माणसाला एकटं सोडत नाहीत. आणि तिथे कोण असतं तर वेअरहाऊसच्या पहाटेच्या शिफ्टला जाणारी माणसं, भाडं वाढलं म्हणून घर सुटलेल्या आया आणि त्यांची होमवर्क करत बसलेली पोरं. दारूचे, मानसिक आजाराचे प्रश्न असलेले लोकही असतात, नाही असं नाही. कुणी चिडून बोललं तर स्टाफला सांगायचं, आपण वाद घालायचा नाही. "तुम्ही इथे कसे आलात" हे कधीही विचारू नका, सांगावंसं वाटलं तर ते सांगतात. आणि फोटो अजिबात नाही, स्वतःचा सेल्फीसुद्धा नको, मागे कुणाचा चेहरा आला तर त्या माणसाची लाज चव्हाट्यावर येते.

शाकाहाराचं आधीच सांगून टाका, भाज्या चिरणं, ट्रे लावणं, भांडी, नावनोंदणी, हे सगळं मांसाला हात न लावता होतं, कुणी वाईट मानत नाही.

एच फोरचं म्हणाल तर नॉन-प्रॉफिट संस्थेत, एरवीही व्हॉलंटियरच करतात असं काम, पूर्णपणे बिनपगारी केलं तर अडचण नसते. बदल्यात गिफ्ट कार्डही घेऊ नका.

पुढचे बंद असलेले बूट घाला, केस बांधा आणि पहिल्याच दिवशी कोऑर्डिनेटरला विचारून ठेवा की फेब्रुवारीतल्या कुठल्या संध्याकाळी त्यांच्याकडे कुणीच नसतं, आणि तीच वेळ दर आठवड्याला स्वतःच्या नावावर लिहून घ्या.