पेरणीच्या तोंडावर सुरू केलेला योगवर्ग

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. माझं वय २७. राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात माझं सासर. लग्नाआधी योगशिक्षणाची पदविका केली. यंदा २१ जूनच्या योग दिनाला गावातले चाळीसेक जण आले, म्हणून दुसऱ्याच दिवसापासून आमच्या समाजमंदिरात सकाळी सहाचा वर्ग सुरू केला. फी महिन्याला २०० रुपये. मॅट आणि स्पीकरला मिस्टरांनी दहा हजार दिले. ऑगस्टमध्ये सहा जण उरले, त्यातल्या तिघांची फी बाकी आहे. सासरे म्हणतात, "नागपूरले रामनगरात फुकट शिकवतात, तू पैसे कायले घेते?" आता फी बंद करू, वर्गच बंद करू, की तालुक्याला जागा घेऊ?
– एक वाचक, राळेगाव तालुका

उत्तर : पोरी, तुला 'तू'च म्हणते, माझी लेक तुझ्याच वयाची आहे. आर्वीकडच्या एका खेड्यात मी १४ वर्षं वर्ग घेते आहे. आधी मनातून एक काढून टाक. तुझ्या शिकवण्यात खोट आहे म्हणून माणसं गेली नाहीत. २१ जून म्हणजे आपल्याकडे मृग संपून आर्द्रा लागायचे दिवस. कपाशीची लावण, सोयाबीनची पेरणी, मागोमाग डवरणी, निंदण, फवारणी. २०१५ पासून दरवर्षी त्या दिवशी शाळेच्या पटांगणात गाव जमतं, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव वावरात असतं. कास्तकाराच्या गावात वर्ग सुरू करायला याहून अवघड आठवडा सापडणार नाही.

माझा रोजचा वर्ग संक्रांत झाली की सुरू होतो आणि पेरणीला बंद होतो. संक्रांतीपर्यंत बहुतेकांची वेचणी आटोपलेली असते, हाती थोडे पैसे असतात. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला घेते, कारण मे महिन्यात सात वाजले की पत्र्याखाली बसवत नाही. पाऊस पडल्यापासून पुढच्या संक्रांतीपर्यंत फक्त बाजाराच्या दिवशी. आमचा बाजार बुधवारचा. त्या दिवशी बाया वावरात जात नाहीत, आठवड्याची मजुरीही त्याच दिवशी मिळते. सकाळी नळ येऊन गेला की दीड तास वर्ग. बुधवारी पंचवीस-तीस जणी येतात. हंगामात रोजचा वर्ग लावला होता तेव्हा पाच जणी यायच्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला पदविकेत कोणी सांगितलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर वेचणीचा जोर असताना एक काकू वर्गाला आल्या. दिवसभर कमरेला फडकं बांधून कापूस वेचलेला, बोटांची पेरं बोंडाच्या टोकांनी ओरबाडलेली. मी सगळ्यांना पश्चिमोत्तानासन दिलं, म्हणजे पाय पसरून बसायचं आणि पुढे वाकून पाय धरायचे. त्यांचे हात पायापर्यंत पोचेनात, म्हणून पाठीवर तळवा ठेवून हलका दाब दिला. दुसऱ्या दिवशी त्यांना खाटेवरून उठता येईना. वेचणीची मजुरी किलोवर, दोन दिवस बुडाले म्हणजे दोन दिवसांचा पैसा गेला. मी घरी गेले तर त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "मॅडम, दिवसभर वाकूनच त राहिली मी, तुमी अजून वाकवलं."

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. निंदणाला, वेचणीला बाई आठ-आठ तास वाकलेली असते. त्या कमरेला पुन्हा पुढे वाकवायचं नाही, निजवायचं. हंगामात माझा वर्ग मकरासनाने सुरू होतो. पोटावर पडून, हातांवर कपाळ टेकून पाच मिनिटं नुसता श्वास. मग भुजंगासन, तेही कोपरं जमिनीला ठेवून, मान मागे न फेकता. नंतर सेतुबंध (पाठीवर निजून कंबर उचलायची), एकेका पायाचं पवनमुक्तासन (गुडघा पोटाशी घ्यायचा), भिंतीला पाठ लावून ताडासन. शेवटी भिंतीला पाय टेकवून निजायचं आणि पंधरा मिनिटं शवासन. पहिल्या दिवशी अर्ध्या जणी घोरतात. घोरू दे, उठवू नकोस. गुडघे धरणाऱ्यांना वज्रासनात बसवू नकोस, प्राणायाम पाटावर किंवा खुर्चीवर बसूनही होतो.

नाव लिहितानाच बीपीची गोळी, हर्निया, पिशवीचं ऑपरेशन, दिवस गेलेत का, हे प्रत्येकीला बाजूला घेऊन विचार. सगळ्यांसमोर कोणी सांगत नाही. अशांना कपालभाती नाही, श्वास रोखणं नाही. आणि कोणाला गोळी बंद करायला सांगू नकोस. ते डॉक्टरचं काम.

जागेबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. समाजमंदिर कोणत्या समाजाचं आहे, त्यावर तिथे कोण येणार नाही हे गावात आधीच ठरलेलं असतं. तुझे चाळीस जण आले होते ते पटांगणात, समाजमंदिरात नव्हे. मला हे कळायला दोन वर्षं लागली. मग सरपंच आणि मुख्याध्यापकांशी बोलून जिल्हा परिषद शाळेची एक खोली घेतली, शाळा भरायच्या आधीच्या वेळेसाठी. खोली झाडून, बाकं जागेवर लावून द्यायची एवढीच अट. त्या वर्षी पलीकडच्या वस्तीतल्या नऊ जणी आल्या. खिडक्यांना जुन्या साड्यांचे पडदे लाव. बाया लुगड्या-साडीतच येतील, आत लेगिन घालायला सांग, ड्रेसची सक्ती करू नकोस. मॅटही सर्वांना नकोत, घरची सतरंजी आणू दे. घेतलेल्या मॅट तालुक्याला कामी येतील.

फीचं म्हणशील तर सासऱ्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. रामनगरातल्या जनार्दन स्वामींच्या योगाभ्यासी मंडळाने नागपुरात योग विनामूल्य शिकवायची परंपरा जपली, विदर्भात घराघरांत आसनं पोचली ती त्यांच्यामुळे. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण तिथे शिकवणारे सेवेकरी आहेत, घर चालवायला त्यांचं दुसरं काम असतं. तुझं हे कामच पोटाचं आहे. फी घे, फक्त महिन्याच्या एक तारखेला मागू नकोस. एक तारखेला पगार नोकरदाराच्या घरी येतो. मजुरी करणाऱ्या बायांकडून मी बुधवारी २० रुपये घेते, आली तर द्यायचे, नाही आली तर नाही. कास्तकारांच्या घरून वर्षाचे ८०० दोन वेळा: सोयाबीन विकल्यावर अर्धे, कापसाचा चुकारा आला की अर्धे. वही ठेवते, बाकी कोणाला ओरडून सांगत नाही. ज्या साली बोंडअळीने कापूस गेला, त्या साली अर्धी वही कोरीच राहिली. ते पैसे मी मागितले नाहीत. त्या घरच्या बाया आजही येतात.

आणि ही कोरी वही पेलायची तर तालुका हवाच. वर्ग तिकडे हलवू नकोस, दुसरा सुरू कर. आठवड्यातून तीन संध्याकाळी, शिक्षक, बँकेतले कर्मचारी, दुकानदार यांच्यासाठी, महिन्याला ४०० रुपये. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांची कंबर वेगळी, त्यांना वाकव, ताण, सूर्यनमस्कार घाल. सुरुवातीला भाड्याची जागा घेऊ नकोस, एखाद्या मंगल कार्यालयाचा हॉल तासावर मिळतो. माझ्या तालुक्याच्या वर्गाला अठरा जण आहेत, त्यांच्यावर माझं घर चालतं आणि बुधवार सुटत नाही.

उरलेल्या सहा जणींना या आठवड्यात बोलाव. कुठे दुखतं, नळ किती वाजता येतो, वावरात किती वाजता निघता, एवढंच विचार आणि वहीत लिहून घे. मग वेळ ठरव. काय ठरलं ते मला कळव, मी वाट पाहते.