इबूंच्या वारुंगमध्ये शिकलेली भाषा

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातली. घरात मराठी, शाळाही मराठी माध्यमाची. कन्नड बाजारापुरतं येतं. इंडोनेशिया सरकारच्या दर्मासिस्वा शिष्यवृत्तीसाठी माझी निवड झाली आहे आणि जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरात इंडोनेशियन भाषा शिकायला निघाले आहे. तिथं राहून आलेली एक मैत्रीण म्हणते, वर्गात सगळं समजायचं, पण रस्त्यावर आलं की एक शब्द कळायचा नाही. शिवाय लोक आपसात वेगळीच भाषा बोलतात. मग एवढ्या लांब जाऊन मी काय करू? आणि मी शाकाहारी आहे, आईला त्याची फार चिंता लागलीय.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी आईचं बघू. तिला सांग, इंडोनेशियनमध्ये ‘चिंता’ म्हणजे प्रेम. आपलाच शब्द, समुद्र ओलांडून गेला आणि अर्थ बदलून बसला. जेवणाचं म्हणशील तर तेम्पे, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली वडी, तिथं गल्लीगल्लीत मिळते. योग्यकर्त्याची ओळख असलेला गुदग म्हणजे कच्च्या फणसाची, नारळाच्या दुधात गूळ घालून तासन्‌तास शिजवलेली भाजी. खानापूरच्या मुलीला फणस काही परका नाही. मात्र सोबत अंडं आणि कोंबडी वाढतात, ते आधीच नको म्हण. आणि ‘मांस खात नाही’ एवढ्यावर थांबू नकोस. ‘दागिंग’ म्हणजे मांस, पण मासा त्यात कोणी धरत नाही. ‘इकान’ म्हणजे मासाही नको, आणि सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, ‘तरासी’ नको, असं वेगळं सांगायचं. तरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. चटणीत तो डोळ्यांना दिसत नाही.

आता मैत्रिणीचं. ती खरं बोलते. माझेही पहिले दोन महिने असेच वाया गेले. मी परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात उतरले होते. जपानी, पोलिश, थाई मुली, आणि सगळ्यांची मिळून एकच भाषा, इंग्रजी. सकाळी वर्गात क्रियापदांचे उपसर्ग पाठ करायचे. ‘तुलिस’ला ‘म’ लागला की ‘मनुलिस’ होतं, ‘त’ गळून जातो; ‘पाकाई’चं ‘ममाकाई’. शब्दकोशात शोधताना तो गळलेला ‘त’ मनात परत बसवावा लागतो. हे वर्गातच नीट समजतं, म्हणून वर्ग चुकवू नकोस. पण दुपारी दुकानात गेलं की मी बोट दाखवायची, पैसे द्यायची आणि परत यायची.

तिसऱ्या महिन्यात मी ‘कोस’मध्ये राहायला गेले. कोस म्हणजे कुणाच्या तरी घरातली भाड्याची खोली. घरमालकीण, माझ्या इबू (इबू म्हणजे आई, वडीलधाऱ्या बाईलाही तीच हाक), घरापुढेच वारुंग चालवायच्या. आपल्याकडच्या खानावळीचं धाकटं रूप. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, पहाटे बाजाराला येतेस का? त्या बरिंगहार्जो बाजारात भाजी घ्यायच्या. मी पिशवी धरायची. आठवड्याभरात आकडे कानात बसले. मग त्यांनी मला गिऱ्हाइकांचा हिशेब सांगायला बसवलं. समोर माणूस पैसे काढून उभा, मागे दुसरा, आणि ‘सोळा हजार’ रुपिया तुलाच सांगायचंय. तिथं लाजून गप्प बसायची सोयच नसते. त्या बाकावर सहा आठवड्यांत जे तोंडात आलं, ते दोन महिन्यांच्या वह्यांनी दिलं नव्हतं. म्हणून माझा आग्रह आहे : नुसती खोली शोधू नकोस. जिथं तू नसलीस तर कुणाचं तरी काम अडेल, अशी जागा शोध.

वारुंगमध्ये पहिल्यांदा कळलं की वर्गात शिकवलेलं ‘तिदाक’, म्हणजे नाही, रस्त्यावर फारसं कानावर पडत नाही. लोक ‘ङ्गाक’ म्हणतात. आपल्या बाराखडीतला ‘ङ’ आपण वाङ्मयापलीकडे कुठं वापरत नाही. तिथं तो शब्दाच्या सुरुवातीलाच येतो. वहीत इंडोनेशियन शब्द देवनागरीत लिही, उच्चार जवळचा राहतो. रोमन लिपीतला ‘सी’ तिथं कायम ‘च’ असतो, हे एकदा लक्षात ठेवलंस की पुष्कळ शब्द ओळखीचे निघतील. मात्र ओळखीच्या शब्दावर लगेच विसंबू नकोस. ‘सुआमी’ म्हणजे नवरा, ‘हार्गा’ म्हणजे किंमत, ‘कपाला’ म्हणजे कपाळ नव्हे, अख्खं डोकं.

आणि ‘बलुम’ हा शब्द आजच पाठ कर. अजून नाही. बाजारातल्या एका मावशींनी मला विचारलं, लग्न झालं का? मी वर्गात शिकलेलं ‘तिदाक’ म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझा हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही. घरी येताना इबूंनी समजावलं : तू म्हणालीस लग्न करणारच नाही, त्यांना वाटलं तुझं काहीतरी मोठं दुःख आहे. ‘बलुम’ म्हणायचं. जेवलीस का, मुलं आहेत का, जकार्ता पाहिलंस का, ज्या गोष्टी पुढं घडू शकतात त्यांना तिथं ‘नाही’ म्हणत नाहीत. हे व्याकरणाच्या पुस्तकात एका ओळीत होतं. मी ती ओळ वाचलीही होती.

दिवसातून दहा वेळा ‘सुदाह माकान?’ असं विचारतील. जेवलीस का? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गलबलून आलं, कारण मी ते आयुष्यभर ऐकत आले होते. ‘ऊट आतेनरी?’ बेळगावच्या बाजारात कन्नड बायका भेटल्या की हेच विचारतात.

वेगळ्या भाषेचं तर तुला मुळीच नवल वाटायला नको. योग्यकर्त्यात घरोघरी जावानीज बोलतात. जावानीज माणसं देशाच्या लोकसंख्येत सर्वांत मोठ्या संख्येनं आहेत, तरी १९२८ च्या युवक-शपथेत तरुणांनी देशासाठी जी भाषा निवडली ती मलायवर उभी असलेली इंडोनेशियन. म्हणजे तुझ्याशी बोलताना तुझी घरमालकीणसुद्धा मातृभाषा नव्हे, नंतर शिकलेली भाषा बोलत असेल. जेवताना घरातले एकदम जावानीजकडे वळले की तुला एकटं वाटेल. मलाही वाटायचं. तेव्हा मला माझी हुबळीची मामी आठवली. लग्न होऊन आमच्या मराठी घरात आली आणि पहिलं वर्ष आम्ही सगळे तिच्या डोक्यावरून बोलत राहिलो. ती कधी तक्रार करायची नाही. तिथं ताटावर बसून मला तिचं ते वर्ष पहिल्यांदा कळलं.

जावानीज पूर्ण शिकायचा हट्ट धरू नकोस. त्यात मानाप्रमाणे शब्दच बदलतात. स्वतःच्या बरोबरीच्यांत जेवणं म्हणजे ‘मांगान’, मोठ्यांच्या जेवणाला ‘धाहार’. पण पंधरा-वीस शब्द हवेतच. वाट मागताना ‘नुवुन सेवु’, आभाराला ‘मातुर नुवुन’, या-बसा-घ्या सगळ्याला ‘मोंगो’. थोड्या मोठ्या मुलीला ‘म्बाक’, मुलाला ‘मास’, वडीलधाऱ्यांना ‘बू’ आणि ‘पाक’. नुसत्या नावानं हाक मारू नकोस. अक्का-अण्णा म्हणत वाढलेल्या आपल्या भागातल्या मुलीला हे शिकवायला लागत नाही. हे दोन्ही शब्द आपण कन्नडकडूनच घेतलेत.

रात्री आईला फोन जरूर कर, पण दहा मिनिटं. संध्याकाळपर्यंत डोकं दुखेल आणि मराठीत तासभर बोलत राहावंसं वाटेल, तेव्हाच उठून वारुंगच्या बाकावर जाऊन बस. दिवसभरात कुणी तुझं वाक्य दुरुस्त केलं असेल तर ते त्यांच्या शब्दांत लिहून ठेव. शेजारी मराठी अर्थ लिहू नकोस, कोण म्हणालं ते लिही.

प्रश्न : मी मराठी माध्यमातला. कन्नडमध्ये गुण चांगले पडले, पण बसमध्ये कंडक्टरशी बोलताना तोंड उघडत नाही. भाषा माझ्या अंगातच नाही का? घरी म्हणतात, कन्नड कशाला, आपण मराठी माणसं.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : माझे वडील दर १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिवसाच्या फेरीत चालायचे आणि २ तारखेला वडगावच्या विणकरांशी कन्नडमध्ये सुताचा हिशेब करायचे. सीमाप्रश्नावर त्यांचं मत शेवटपर्यंत पक्कं होतं, माझंही आहे. कन्नड बोलल्यानं त्यातलं काही कमी झालं नाही. घरी एवढं सांगून बघ.

अंगात नाही असं नाही रे. तू पुस्तकातलं कन्नड शिकलास आणि कंडक्टर बोलतो ते आपल्या उत्तर कर्नाटकाचं, शब्दाशब्दाला ‘री’ लावणारं. ते कानावर पडल्याशिवाय तोंडात कसं येणार? अडचण एवढीच, की तू अडखळलास की समोरचा माणूस लगेच मराठीत बोलतो. बेळगावचे लोक समजूतदार, म्हणून तुझं शिकणं तिथंच थांबतं. तेव्हा हिरेबागेवाडी-बैलहोंगलकडून भाजी घेऊन येणारी एक बाई ठरव, दर आठवड्याला तिच्याकडूनच भाजी घे, आणि आधीच हात जोडून सांग : ‘अक्का, मराठी ब्याडरी, कन्नडदाग माताडरी.’ म्हणजे मराठी नको, कन्नडमध्ये बोला. पहिल्या दिवशी फक्त मेथीचा भाव विचार.