फाल्कन घ्या, पण घरावर कर्ज काढून नको

प्रश्न: मी मिशिगनमधल्या ट्रॉयला राहतो, वय 47, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. 1964 ची फोर्ड फाल्कन फ्युचुरा विकायला आली आहे. दोन दारांची हार्डटॉप, पूर्ण रिस्टोर केलेली, 302 चं व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, पाच गिअर, पुढे डिस्क ब्रेक, एसी. मालक 32,500 डॉलर सांगतोय. 10,000 रोख देईन आणि 22,500 होम इक्विटी लाइनमधून, म्हणजे घर तारण ठेवून मिळणाऱ्या कर्जातून, साडेआठ टक्क्यांनी काढेन. दर शुक्रवारी ऑफिसला नेईन आणि दहा वर्षांनी विकली तर पैसे वाढूनच मिळतील, असा हिशेब आहे. बायको म्हणाली, आधी कोणाला तरी विचार. म्हणून फोटो आणि खात्यांचे तपशील पाठवतोय.

उत्तर: तुमच्या पत्नीचे आभार माना.

आधी "पैसे वाढतील" याबद्दल. फाल्कन ही दुर्मिळ गाडी नाही. 1960 च्या पहिल्याच मॉडेल वर्षात ती चार लाखांहून जास्त खपली. साध्या, स्वस्त घरगुती गाडीचा तो फोर्डचा प्रयोग होता, आणि 1964 मध्ये तिच्याच सांगाड्यावर मस्टँग उभी राहिली. याचा तुम्हाला फायदा आहे, कारण मस्टँगमुळे सुटे भाग आजही सहज आणि रास्त दरात मिळतात. पण संग्राहकांचा पैसा जातो तो मस्टँगकडे. त्यातून तुमची गाडी मूळ रूपात नाही, 302 चं इंजिन आणि पाच गिअर नंतर बसवलेले आहेत. मूळ इंजिन-गिअरबॉक्सवाली गाडी शोधणारा ती घेणार नाही, आणि बदल केलेली गाडी शोधणाऱ्याला स्वतःच्या आवडीचे बदल हवे असतात. या मालकाने पदरमोड करून जेवढे घातलेत तेवढे त्याला 32,500 मध्ये परत मिळत असतील, असं मला वाटत नाही. उद्या त्याच्या जागी तुम्ही असाल.

कराचंही बघा. संग्राह्य वस्तू म्हणून नफा झालाच, तर त्यावर केंद्राचा कर 28 टक्क्यांपर्यंत जातो. हौसेच्या गाडीत तोटा झाला तर तो मात्र वजा करता येत नाही. नफ्यात सरकार भागीदार, तोट्यात तुम्ही एकटे.

आता दहा वर्षांचा खर्च. कर आणि किरकोळ काम धरून गाडी घरात यायला 34,000 च्या आसपास लागतील. विमा, टायर, बॅटरी, बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांपासून लांब हिवाळाभर कुठेतरी झाकून ठेवणं आणि अधूनमधून निघणारी कामं, यांना मी वर्षाला 2,500 धरतो. हेच पैसे पाच टक्क्यांनी वाढले असते आणि दहा वर्षांनी गाडी 30,000 ला गेली, असं मानलं तर फाल्कन तुम्हाला एकूण 57,000 डॉलरना पडते. म्हणजे महिन्याला पावणेपाचशे. तुमच्या दोघांच्या पगारात हा खर्च बसतो. आपत्कालीन पैसे वेगळे आहेत, मुलीच्या शिक्षणाच्या 529 बचत खात्यातही पुरेसं साठलंय. त्यामुळे माझं उत्तर "घ्या" असंच आहे. फक्त पत्नीला ती गुंतवणूक म्हणून दाखवू नका. खर्च म्हणा, त्यांना तो कदाचित लवकर पटेल.

माझा खरा आक्षेप कर्जाला आहे. 22,500 वर वर्षाचं व्याजच 1,900 च्या वर जातं. 1960 मध्ये कोरी फाल्कन दोन हजारांच्या आत मिळत होती! शिवाय घर घेणं, बांधणं किंवा सुधारणं यासाठी कर्ज नसेल, तर त्या व्याजाची वजावट नाही. आणि डेट्रॉइटच्या आसपास राहून 2008-09 विसरायचं नसतं. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या तेव्हा इथल्या नोकऱ्या, घरांच्या किमती आणि लोकांची हौस एकदमच बसली. तुमचा पगार गाडीधंद्यातून येतो, घर याच भागात आहे, आणि ब्रोकरेज खात्यातल्या 58,000 पैकी 26,000 तुमच्याच कंपनीच्या शेअर्समध्ये आहेत. धंद्यात मंदी आली की या सगळ्याला एकाच दिवशी खरचटणार, आणि नेमकी तेव्हाच फाल्कनही विकली जाणार नाही.

म्हणून ते 26,000 चे शेअर विका. गाडी घेतली नसती तरी हाच सल्ला दिला असता. वर्षभरापेक्षा जुने असतील तर नफ्यावर केंद्राचे बहुधा 15 टक्के आणि मिशिगनचे 4.25 टक्के जातील. उरलेल्यात तुमचे 10,000 घातले की कर्जाची गरज उरत नाही.

आता फोटो. पुढच्या चाकाला पाच नट आहेत आणि मागच्याला चार! ब्रेकच्या इंजिनिअरला हे माझ्याआधी दिसायला हवं होतं, पण प्रेमात पडलं की असं होतं. कारखान्यातून व्ही-8 आलेल्या फाल्कनला चारही चाकांना पाच नट असायचे. पुढे डिस्क ब्रेक बसवताना हब बदलले गेले आणि मागे सहा सिलिंडरवाल्या गाडीचा हलका ॲक्सल तसाच राहिला, असा याचा अर्थ दिसतो. चेसिस नंबरातलं पाचवं अक्षर बघा. एफ असेल तर गाडी व्ही-8 जन्माची, यू असेल तर सहा सिलिंडरची. टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर एकच आहे ना, तेही तिथेच उभं राहून जुळवा. जड ॲक्सल, त्याचे ब्रेक आणि मजुरी मिळून तीन हजारांच्या आसपास धरा. ते किमतीतून कापायचे. माझी मर्यादा 29,500. त्यावर मिशिगनचा सहा टक्के कर 1,770, म्हणजे ॲक्सलसकट 34,270.

शुक्रवारच्या ऑफिसचं मात्र विसरा. हौशी गाड्यांचा ठरलेल्या किमतीचा विमा स्वस्त असतो, कारण त्यात रोजची ये-जा सहसा चालत नाही. मिशिगनची ऐतिहासिक नंबरप्लेट घेतली तर प्रदर्शनं, क्लबच्या फेऱ्या आणि एरवी फक्त ऑगस्टभर मोकळीक. त्याच ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावरची ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मोठी फेरी असते, तेव्हा फार बिघडत नाही. विमा घेताना "ठरलेली किंमत" हे शब्द पॉलिसीवर आहेत का ते पाहा. "सांगितलेली किंमत" असेल तर अपघातानंतर कंपनी कमीही देऊ शकते.

आणि मुलीला ड्रायव्हिंग या गाडीवर शिकवू नका. एअरबॅग नाही, स्टिअरिंगचा दांडा धडकेत दुमडत नाही, आणि पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ.

शनिवारी जाताना तटस्थ मेकॅनिक बरोबर न्या, गाडी लिफ्टवर चढवून बघू द्या. मालक लिफ्टला नाही म्हणाला, तर 29,500 सुद्धा देऊ नका.