फ्रँकलिन पार्कमधील आयांचे चर्चामंडळ

आयांनी आपसांत बोलण्यासाठी काढलेले एखादे स्थानिक मंडळ खरोखर वाढले आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण शिकागोजवळच्या फ्रँकलिन पार्क या उपनगरात 1956 साली सुरू झालेल्या 'ला लेचे लीग' या स्तनपान करणाऱ्या आयांना आधार देणाऱ्या मंडळाचे आहे.

त्या उन्हाळ्यात एल्महर्स्ट येथे कॅथलिक कुटुंबांची सहल भरली असताना मेरी व्हाइट आणि मेरियन टॉम्प्सन या दोघी आपापल्या बाळांना अंगावर पाजत होत्या, तेव्हा आपल्यालाही पाजायचे होते पण जमले नाही, असे सांगत इतर आया त्यांच्याजवळ येऊ लागल्या. त्या काळी अमेरिकेत बाळाला रुग्णालयात आईपासून वेगळ्या खोलीत ठेवले जाई आणि चार-चार तासांनी घड्याळ पाहून पाजण्याचा दंडक असे. अशाने दूध कमी पडले की डॉक्टर बाटली सुचवत. आपल्याकडे माहेरी बाळंतपणाला आलेल्या मुलीला आई-आजीकडून जे आपसूक कळे, ते सांगणारे तिथे फारसे कोणी उरले नव्हते, कारण मागच्या पिढीतल्या अनेकींनी वरच्या दुधाचाच मार्ग धरला होता.

मग या दोघींनी आणखी पाच मैत्रिणींना सोबत घेतले आणि ऑक्टोबरमध्ये मेरी व्हाइट यांच्या घरी पहिली बैठक झाली. मेरी यांचे पती ग्रेगरी व्हाइट आणि हर्बर्ट रॅटनर हे डॉक्टर सल्ल्याला होते, परंतु बैठक चालवायची ती स्वतः बाळाला पाजलेल्या आईनेच, हा कटाक्ष होता, आणि मंडळ टिकण्याचे खरे कारण मला तोच वाटतो. स्तनपानाचे फायदे, सुरुवातीच्या अडचणी, बाळ आल्यावर घरात होणारे बदल, आहार आणि दूध सोडवणे असे विषय क्रमाने घेतले जात. 'ला लेचे' म्हणजे स्पॅनिशमध्ये 'दूध'; हे नाव फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथील मेरीमातेच्या प्रार्थनास्थळावरून घेतले, कारण वृत्तपत्रांना स्तनपानाचा उघड उल्लेख रुचत नसे.

पुढे दूरदूरच्या आयांची पत्रे येऊ लागली, 1958 मध्ये सुट्या पानांची मार्गदर्शिका निघाली आणि 1964 पासून संस्थेच्या नावात 'इंटरनॅशनल' आले. नोकरी करणाऱ्या आयांची अडचण मात्र मंडळाने फार उशिरा ओळखली. आईने तान्ह्या बाळापाशीच राहावे, हा संस्थापिकांचा आग्रह दीर्घकाळ टिकला आणि त्यावर स्त्रीवाद्यांनी केलेली टीका मला रास्त वाटते.