विमानाला चार दिवस उरले असताना लहान मुलांना आत्याकडे न्यावं का?

तुम्ही लिहिलंय की लंडनला परतायला अजून पूर्ण चार दिवस उरलेत. मुलं सहा आणि साडेतीन वर्षांची आहेत, दोघांचाही आत्यावर फार जीव आहे, पण ती मुंबईपासून पाच तासांवर राहते आणि गेल्या खेपेला निघताना मुलांनी रडून आकांत केला होता. तर न्यावं, की यंदा व्हिडिओ कॉलवर भागवावं?

ताई, न्या. पण दुपारच्या जेवणापुरतं नेऊ नका, दोन रात्री राहा.

मी हे पलीकडच्या बाजूने सांगतेय, कारण मी स्वतः आत्या आहे. वाईला राहते. धाकटा भाऊ अकरा वर्षं इंग्लंडात आहे. भाचा सात वर्षांचा, भाची चार. तिकडे शाळांना सुट्टी लागते जुलै संपता संपता, त्यामुळे ही मंडळी येतात ती नेमकी आषाढ-श्रावणात, भर पावसात.

दोन वर्षांपूर्वी भावाने अशीच धावती भेट ठरवली. पावणेबाराला आले, चारला निघाले. येताना खंबाटकीच्या घाटात भाचीला गाडी लागली, त्यामुळे ती उतरली तीच कोमेजलेली. मी पहाटे चारपासून उभी होते: पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कुरडया. भाच्याने दोन घास खाल्ले आणि बापाचा फोन घेऊन बसला. भाची सोफ्यावर झोपून गेली. साडेतीनला उठली, माझ्या मांडीवर येऊन बसली, हातातल्या बांगड्या एकेक करून वर सरकवायला लागली, आणि तेवढ्यात वहिनी तिला बूट घालायला आली. तिने जो टाहो फोडला तो मला आजही ऐकू येतो. ते रडणं निरोपाचं वाटलं सगळ्यांना. मला विचाराल तर नुकतं कुठे सुरू झालेलं मधेच तोडलं गेलं, त्याचं ते रडणं होतं. तुमच्या मुलांचंही गेल्या वेळी तसंच झालं असेल का, आठवून बघा.

गेल्या वर्षी मी भावाला स्पष्ट सांगितलं, येणार असलास तर राहायला ये.

पहिल्या संध्याकाळी मुलं पाहुण्यासारखी वागली. विचारल्याशिवाय कशाला हात लावत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला भाचा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, ‘‘आत्या, मला बोअर होतंय.’’ मला इतकं बरं वाटलं! कंटाळा घरच्या माणसांना येतो, पाहुण्यांना येत नाही. मुलांना तुमच्या नणंदेच्या घरात एकदा तरी कंटाळा येऊ द्या, एवढा वेळ तिथे काढा. खरी भेट तिथून पुढे सुरू होते.

त्या दिवशी नागपंचमी होती. आमच्याकडे त्या दिवशी चिरत नाहीत, तळत नाहीत, तवा ठेवत नाहीत. पुरणाचे दिंड उकडतात. मी कणकेच्या पाऱ्या लाटून दिल्या आणि दोघांना पाटावर बसवलं. पारीच्या मधोमध पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी घडी घालायची, बस. भाची पुरण कडेला ठेवायची, घडी घालून अंगठ्याने दाबायची, पारी फुटायची, मग फुटलेल्यातलं पुरण खाऊन परत दाबायची. असे तिचे सात दिंड झाले, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. चाळणीत ते वेगळे ठेवायला लावले तिने, आणि झाकण काढल्यावर स्वतः मोजून घेतले. पुरणपोळीचा तुकडाही न खाणारी ही पोर त्या दिवशी तूप घालून तीन दिंड जेवली.

दुपारी पाऊस उघडला तेव्हा वाईजवळच्या मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, पाणी पायऱ्या चढून वर आलेलं. तिथे देवळाशेजारी एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती वसईच्या पोर्तुगीज चर्चमधली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा अशा घंटा इकडे आल्या. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. भाच्याने ती चटकन ओळखली, शाळेत नाताळाचं नाटक करतात म्हणे. मग खाली उभा राहून बराच वेळ वर बघत होता. म्हणाला, ‘‘आत्या, मग ही घंटा परत घरी कधी जाणार?’’ मला उत्तर देता आलं नाही. अजूनही फोनवर कधी कधी विचारतो.

व्हिडिओ कॉलवर भागेल का, याचं उत्तर यातच आहे. साडेतीन वर्षांचं मूल फोनवर ‘कशी आहेस, जेवलीस का’ यापुढे जात नाही, दोन मिनिटांत पळतं. एकत्र केलेलं काहीतरी असलं तर त्यावर पुढचे सहा महिने बोलणं चालतं. आमच्या भागात हळद खूप होते. परसात मी चार ओळी लावते, भाची रोज तिथे जाऊन पानांना हात लावायची. ती गेल्यावर मी फोन घेऊन परसात जायचे आणि पानं दाखवायचे. जानेवारीत हळद काढली तीही कॉल लावूनच. मातीतून गड्डा वर आला तेव्हा तिकडून ओरडली, ‘‘ही माझी!’’ तिने हात लावला होता म्हणून ती तिची.

आता तुमच्या चार दिवसांचं. आत्याचं घर हा शेवटचा मुक्काम करू नका, शेवटच्या आधीचा करा. उद्या सकाळी निघा, दोन रात्री राहा, आणि विमानाच्या आदला अख्खा दिवस मुंबईत मोकळा ठेवा. पावसात घाटात गाडी किती अडकेल याचा भरवसा नसतो, आणि गाडीतून उतरून थेट विमानतळावर गेलेली मुलं पुढचे नऊ-दहा तास तुमचा जीव खातात. शिवाय तिकडे पोहोचल्यावर घड्याळाचे साडेचार तास आहेतच, ती पहाटे तीनला उठून बसणार. बॅगा जाण्याआधीच भरून मुंबईत ठेवा.

पोटाची काळजी असेल तर नणंदेला आधीच सांगा की मुलांना उकळलेलं पाणी लागेल, बाहेरचं काही नको, वरण-भात पुरे. तिला राग येणार नाही. अवघडून गप्प राहिलात आणि मुलाने ताट तसंच ठेवलं, तर मात्र ती मनाला लावून घेईल. मी लावून घेतलं होतं.

सामानाचंही बोलून ठेवा, कारण आम्ही आत्या लोक ऐकत नाही. दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत: तूप, पेढे, खवा, सगळं बंद. माझे दोन किलो कंदी पेढे तिकडे उतरल्यावर काढून घेतले होते. सुकं खोबरं इथेच चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. मेतकूट आणि भाजणी द्यायला सांगा, तीही घरची असते आणि नणंदेचं मन राहतं.

निघण्याबद्दल एकच सांगते. मुलं झोपेत असताना उचलून गाडीत घालू नका. ‘उद्या परत येऊ’ असं खोटंही सांगू नका. सकाळीच सांगा, आज जेवून आपण निघणार आहोत. मग त्यांना काम द्या. गेल्या वर्षी भाचीकडे दह्याची वाटी दिली होती. तिने सगळ्यांच्या तळहातावर चमचा चमचा दही घातलं, माझ्या हातावर दोनदा. रडली ना, रडलीच. मीही रडले. पण गाडी फाट्याला लागायच्या आत ती हसत होती, असं वहिनीने नंतर सांगितलं. रडू नये म्हणून भेट टाळलीत, तर नणंदेवर ती दया होणार नाही. आम्ही वर्षभर याच दोन दिवसांची वाट बघत असतो.

फोन मात्र आजच करा, अचानक जाऊन चकित करायच्या भानगडीत पडू नका. श्रावणात ऊन मिळेल तेव्हा गाद्या टाकायच्या असतात, दूध जास्त सांगायचं असतं. आणि तिला म्हणावं, पुरण शिजवून ठेव, पण पुढचं काही करू नकोस, मुलं आल्यावर करू.