डिटॉक्स पावडर घेण्याआधी

अरे, तो डबा विकत घ्यायच्या आधी थांब की जरा. शरीर साफ ठेवायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात, लघवीवाटे जातो जेमतेम दीड-दोन लिटर. आपण त्यांच्या आड येऊ नये, एवढंच.

सकाळी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीभरल्या मैदानात अर्धा तास भरभर चाल. तहानेप्रमाणे पाणी पी. लघवी फिकट पिवळी असली की पुरे. ज्वारीची भाकरी, हुलग्याची आमटी, पालेभाजी खा, पोट आपोआप साफ होतं. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं-पापड बेतानं. आपला बेळगावी कुंदा, दुधाची ती मिठाई? खा की, रोज वाटीभर नको.

दुधीचा रस घेणारच असशील तर आधी थेंबभर चाखून बघ. कडू लागला तर सरळ ओतून टाक. तो कडूपणा विषारी असतो, रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दवाखान्यात पोचलीयत. अंग दुखलं की मेडिकलमधनं गोळी आणायची सवयही सोड. वेदनाशामकं सतत घेतली की मूत्रपिंडं बिघडतात. दारूचं वेगळं सांगायला नको. झोप सात तास तरी हवी. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर पाणी किती प्यायचं ते मला नको, डॉक्टरांना विचार.